‘तात्पुरतं’ म्हणजे नेमके किती दिवस? झोनिंगच्या नियमांत मेळे, विक्री आणि पाट्या

मोजपट्टी

शहराची झोनिंगची, म्हणजे कुठल्या भागातली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारी नियमावली उघडली की निवासी, व्यापारी, औद्योगिक पट्ट्यांवर पानंच्या पानं सापडतात. चार दिवसांचा मेळा, दोन दिवसांची विक्री, रस्ता दाखवणारी पुठ्ठ्याची पाटी, यांना मात्र शेवटी कुठेतरी एखादं कलम मिळतं. न्यूयॉर्कने 1916 साली पूर्ण शहराला झोनिंग लावलं. 1926 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने युक्लिड गावाच्या खटल्यात झोनिंग घटनेत बसतं असा निकाल दिला. तेव्हापासून या नियमांचं सगळं लक्ष कायमच्या वापरावर राहिलं आहे. जमिनीवर काय आहे हे विचारलं जातं, किती दिवसांसाठी आहे हे फार कमी.

आता ठिकठिकाणी हे नियम नव्याने लिहिले जात आहेत, म्हणून हा धागा. माझं म्हणणं असं आहे: तात्पुरत्या गोष्टीसाठी ‘कशासाठी’ हा प्रश्न नियमातून काढून टाका. कुठे, किती मोठं, किती दिवस आणि कधी उचलणार, एवढंच विचारा.

कारण ‘कशासाठी’ विचारलं की काय होतं ते अ‍ॅरिझोनातल्या गिल्बर्ट गावात दिसलं. तिथल्या एका लहानशा चर्चला स्वतःची इमारत नव्हती. प्रार्थनेची जागा बदलत राहायची, म्हणून शनिवारी पंधरा-वीस पाट्या लावायच्या आणि रविवारी दुपारी काढून घ्यायच्या. गावच्या नियमात विचार मांडणाऱ्या पाटीला 20 चौरस फूट आणि मुदतच नाही. राजकीय पाटीला काही ठिकाणी 32 चौरस फुटांपर्यंत मुभा आणि निवडणुकीआधीपासून कित्येक आठवडे. आणि कार्यक्रमाचा रस्ता दाखवणाऱ्या पाटीला 6 चौरस फूट, कार्यक्रमाआधी 12 तास आणि संपल्यावर 1 तास. पाटी तीच, खांबही तोच, वाऱ्याने पडली तर धोकाही तेवढाच, फरक फक्त मजकुराचा. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी तो नियम रद्द ठरवला. त्यानंतर तिथल्या असंख्य गावांना आपापली कलमं पुन्हा वाचावी लागली.

दुसरं, लहान कार्यक्रमाला ‘परवानगी’ नको, ‘कळवणं’ पुरे. कळवल्यावर ठरलेल्या मुदतीत हरकत आली नाही, तर तो कार्यक्रम होणार.

कोपऱ्यावरचं घर

असहमत, आणि अनुभवाने असहमत. माझ्या घराशेजारी एक मोकळी जागा आहे. तिथे होणारा एकेक कार्यक्रम घेतला तर प्रत्येक नियमातच बसतो. परवानगी शनिवार-रविवारची असते. पण गुरुवारी रात्री ट्रक येतो. लोखंडी पाईप वरून खाली फेकले की कसा आवाज होतो ते ज्याने रात्री एक वाजता ऐकलंय त्यालाच कळेल. खाली उभा असलेला माणूस ‘आला’ म्हणून ओरडतो, मग पाईप आदळतो, मग पुन्हा ‘आला’. सोमवारी रात्री हेच उलट्या क्रमाने. कागदावर 2 दिवस, माझ्या खिडकीखाली 5 दिवस.

पुढच्या आठवड्यात दुसरा आयोजक येतो, कागद कोरा, मोजणी पुन्हा एकपासून. एका वर्षी मी कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्या आणि तक्रार घेऊन गेलो. उत्तर मिळालं, ‘यात नियमभंग कोणाचा?’ खरंच, कोणाचाच नव्हता. आणि तुम्ही म्हणताय आता परवानगीही नको, नुसतं कळवा!

आराखडा

मी नियोजनाच्या कामात बरीच वर्षं काढली, म्हणून थोडं लिहितो. कोपऱ्यावरचं घर यांनी दुखरी नस बरोबर पकडली आहे. मोजणी आयोजकाची करायची की जागेची, हा खरा मुद्दा आहे.

इंग्लंडमध्ये मोकळी जमीन वर्षात एकूण 28 दिवस तात्पुरत्या कामाला नियोजनाच्या परवानगीशिवाय वापरता येते. बाजार किंवा मोटारशर्यत असेल तर 14 दिवस. हे दिवस जमिनीच्या खात्यावर पडतात. आयोजक बदलला म्हणून खातं कोरं होत नाही. मद्यविक्री किंवा करमणुकीच्या कार्यक्रमासाठी तिथे 2003 च्या परवाना कायद्यात वेगळी सूचना द्यावी लागते: माणसं 500 पेक्षा कमी, एका वेळी 168 तासांपर्यंत, एका जागेवर वर्षात 15 वेळा आणि एकूण 21 दिवस. एकाच माणसाच्या त्याच जागेवरच्या दोन कार्यक्रमांत किमान 24 तासांचं अंतर हवं. आणि यातली मला आवडलेली तरतूद म्हणजे नवरा, बायको, मुलं, धंद्यातला भागीदार हे सगळे एकच माणूस धरले जातात. आज माझ्या नावावर आणि उद्या मेहुण्याच्या नावावर ही पळवाट कायदा करणाऱ्यांनी आधीच पाहून ठेवली होती.

म्हणून ‘कळवणं पुरे’ याला माझा पाठिंबा आहे, पण जागेचं खातं उघडं हवं. या जागेचे यंदा किती दिवस वापरले, किती उरले, हे शेजाऱ्याला घरबसल्या दिसलं पाहिजे.

फिरती विक्री

तुम्हा तिघांचंही लिहिणं वाचलं. तिघंही असं धरून चालला आहात की तात्पुरतं म्हणजे चार दिवस येऊन जाणारं. माझ्यासारखीचं काय? मी रोज सकाळी मांडते आणि रोज संध्याकाळी आवरते. नियमाच्या भाषेत मी रोज तात्पुरती आणि वर्षभर तात्पुरती. 28 दिवसांचं खातं लावलंत तर मी जानेवारीतच संपले.

बायांचं, म्हाताऱ्यांचं, ज्यांना दुकानाचं भाडं झेपत नाही त्यांचं पोट या एका शब्दावर चालतं. भारतात 2014 चा पथविक्रेता कायदा झाला तेव्हा त्यात ‘नैसर्गिक बाजार’ ही कल्पना आली. घेणारे आणि विकणारे जिथे पूर्वापार जमतात ती जागा बाजार म्हणून ओळखायची. नगर विक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांत एक तृतीयांश बाया, असंही त्यात लिहिलं आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना एकदा तरी कळलं होतं की हे लोक उद्या जाणारे पाहुणे नाहीत. झोनिंगचं कलम लिहिणाऱ्यांना हे माहीत नसतं. ते ‘तात्पुरती विक्री’ लिहितात, त्यांच्या डोळ्यांसमोर मोठ्या दुकानाचा वाहनतळावरचा सेल असतो आणि कलम पडतं आमच्या अंगावर.

चाकांवर

फिरती विक्री, तुमच्या पोटाबद्दल मला आदरच आहे. पण पदपथाबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. माझे वडील व्हीलचेअरवर असतात. दुकानाबाहेर ती घडीची, दोन पायांवर उभी राहणारी पाटी असते ना, ती नेमकी पदपथाच्या मधोमध असते, कारण तिथेच ती दिसते. आम्ही तिच्यापाशी पोचलो की खुर्ची वळवायची, मागे आणायची, उतार सापडेपर्यंत मागेच जायचं, मग रस्त्यावर उतरायचं. परवा उतार नव्हता म्हणून कडेवरूनच उतरवली. पुढची लहान चाकं आधी खाली गेली आणि वडील पुढे झुकले. मी पाठीमागून त्यांच्या शर्टाची कॉलर धरली. पाटीवर ‘आज सवलत’ लिहिलं होतं.

पाटीवर काय लिहिलंय याने मलाही फरक पडत नाही, तिथे मी मोजपट्टी यांच्या बाजूने आहे. पण तुमच्या चार प्रश्नांत पाचवा घाला: ती ठेवल्यावर माणसाला जायला किती जागा उरते?

ठाम

सगळं वाचून माझं मत अजून उलट झालं. ‘कशासाठी’ हा प्रश्न काढायचा म्हणजे शाळेच्या कार्यक्रमाची पाटी आणि महाकाय कंपनीचा सेल एकाच तराजूत. शाळा एक पाटी लावेल, कंपनी पाचशे लावेल. समान नियमाचा फायदा कोणाला होणार हे उघड आहे.

आराखडा यांनी इंग्लंडचं अर्धंच सांगितलं. तिथे स्थानिक कार्यक्रमाची 0.6 चौरस मीटरपर्यंतची पाटी 28 दिवस आधी लावता येते आणि कार्यक्रमानंतर 14 दिवसांत काढावी लागते, तिला वेगळी संमती लागत नाही. पण व्यापारी हेतूच्या कार्यक्रमाला ही सवलत नाही. म्हणजे तिथेही हेतू विचारतातच! बाजाराला 14 आणि इतरांना 28 हाही हेतूचाच फरक आहे.

आणि ब्राझीलमधलं साओ पावलो पाहा. त्या शहराने 2007 पासून बाहेरच्या जाहिराती सरसकट बंद केल्या. दुकानाच्या स्वतःच्या पाटीलाही दर्शनी भागाच्या लांबीनुसार माप दिलं. दर्शनी भाग 10 मीटरहून कमी असेल तर दीड चौरस मीटर. इतकं मोठं शहर हे करू शकतं. आपण मात्र कोणाची पाटी किती तास राहील याचा कीस काढत बसलो आहोत.

मोजपट्टी

ठाम, इंग्लंडबद्दलचा तुमचा मुद्दा मान्य. तिथला कायदा हेतू विचारतो आणि तरी चालतो. माझं पहिलं विधान मी एवढं सरसकट करायला नको होतं.

तरी पाचशे पाट्यांवरचा उपाय मजकुरात नाही, जागेत आहे. लॉस एंजेलिसने सार्वजनिक खांबांवर पाट्या लावायलाच बंदी केली होती. एका उमेदवाराच्या समर्थकांनी खटला भरला, आणि 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, कारण ती सगळ्यांना सारखी होती. उलट लाड्यू या गावाने घरांवरच्या जवळपास सगळ्या पाट्या बंद केल्या. तिथल्या एका बाईंनी खिडकीत साध्या कागदाएवढी युद्धविरोधी पाटी लावली होती. 1994 मध्ये तेच न्यायालय एकमताने त्यांच्या बाजूने उभं राहिलं. सार्वजनिक खांब आणि स्वतःची खिडकी, हा भेद मला पटतो. शाळेलाही खांब नको, कंपनीलाही नको.

चाकांवर, पाचवा प्रश्न घेतला. खरं तर तो पहिला हवा होता. त्याला जोडून कोपऱ्यांचंही लिहितो. रस्त्याच्या आखणीत गाडी चालवणाऱ्याचा डोळा जमिनीपासून सुमारे 1.08 मीटरवर धरतात. वळणावरची कंबरेपासून डोक्यापर्यंतची पाटी बरोबर तिथेच आडवी येते, आणि तिच्यामागे उभं असलेलं लहान मूल पूर्ण झाकलं जातं. कोपऱ्याच्या त्रिकोणात, म्हणजे वळताना समोरचं दिसावं म्हणून मोकळ्या ठेवायच्या जागेत, पाटी नको, मग ती पंधरा मिनिटांची का असेना.

आराखडा

एक गोष्ट सगळेच विसरताहात. तात्पुरतं करून पाहणं हे शहराच्या हातातलं फार चांगलं साधन आहे. न्यूयॉर्कने 2009 मध्ये टाइम्स स्क्वेअरचा रस्ता गाड्यांना बंद करून तिथे साध्या घडीच्या खुर्च्या मांडल्या. प्रयोग म्हणून. लोक येऊन बसले, आणि 2010 मध्ये तो बदल कायम झाला. आयफेल टॉवरलाही सुरुवातीला 20 वर्षांचीच मुदत होती. नियम इतके घट्ट करू नका की करून पाहायलाही जागा राहणार नाही.

कोपऱ्यावरचं घर

न्यूयॉर्कची दुसरी बाजूही सांगा ना. 2020 च्या साथीत उपाहारगृहांना रस्त्यावर टेबलं मांडायला तात्पुरती मुभा मिळाली. लोकांनी लाकडी खोल्याच उभारल्या. त्यावर पक्का कायदा व्हायला 2023 उजाडलं, आणि त्यात रस्त्यावरची मांडणी एप्रिल ते नोव्हेंबर एवढीच ठेवली. मधली तीन वर्षं खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी कशी काढली असतील? प्रयोग जरूर करा, पण तो कधी तपासणार ती तारीख पहिल्या दिवशीच लिहा. तारीख नसलेला प्रयोग शेजाऱ्याच्या जिवावर चालतो.

मोजपट्टी

तुमच्या सगळ्यांच्या लिहिण्यावरून कलमाचा कच्चा मसुदा बदलला आहे.

मुदत म्हणजे ट्रकमधून पहिला पाईप उतरल्यापासून जागा रिकामी होईपर्यंत. हे सगळे दिवस जागेच्या खात्यात धरायचे आणि ते खातं सर्वांना खुलं. रात्री मांडणी किंवा उचलाउचल नाही. पदपथावर व्हीलचेअर न थांबता जाईल एवढी सलग वाट राखायची, ती राहत नसेल तर पाटीच नाही. अनामत रक्कम जागा तपासल्यावरच परत.

जागा रिकामी म्हणजे काय, हेही लिहायला हवं. आज मुद्दाम एका खांबापाशी थांबून पाहिलं. फ्लेक्स एकही नव्हता, सगळे काढलेले. पण केबल टायचे कापलेले, अर्धवट कापलेले, न कापलेले वेढे एकावर एक चढलेले होते. मोजले तर 23 भरले. एकाच्या टोकाने बोट कापलं. कागदोपत्री त्या खांबावरची प्रत्येक पाटी वेळेत उतरली असेल.

फिरती विक्री, तुमचं पटलं. रोज मांडून रोज आवरणाऱ्यांसाठी वेगळं कलम करू. त्यात दिवसांचं खातं नाही, फक्त जागा आणि माप.

फिरती विक्री

वेगळं कलम चालेल. पण ते आधी लिहा आणि आधी लागू करा. तुमचं तात्पुरत्याचं कलम एक महिना जरी अगोदर आलं, तरी उचलणारी गाडी पहिल्या सकाळी तुमच्या मेळ्याकडे जाणार नाही, माझ्याकडे येईल. माल सोडवून आणायला दोन-तीन दिवस जातात, आणि तोवर जागेवर दुसरं कोणी बसलेलं असतं. आणि तुम्ही वाट मोजायला याल तेव्हा मला बोलवा. चाकांवर, तुमच्या वडिलांची खुर्ची जाईल एवढी वाट मी स्वतः खडूने आखून देते.