मिझोराममध्ये शांतता टिकली, मग नागालँडमध्ये का नाही?

वैभव_लातूरकर:
स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. नोट्समध्ये मिझो करार (भारत सरकार आणि मिझो बंडखोर यांच्यातला) एका ओळीत उरकलाय: 30 जून 1986, बंडखोरांचे नेते लालडेंगा, राज्याचा दर्जा. पण राज्याचा दर्जा नागालँडला 1963 मध्येच मिळाला होता, तिथल्या बंदुका काही थंडावल्या नाहीत. मग फरक नेमका कशाने पडला? तिकडे राहिलेलं कोणी इथे असेल तर सांगा. पुस्तकातलं उत्तर माझ्याकडे आहे.

घाटरस्ता:
मी सीमा सडक संघटनेत होतो. करार झाला तेव्हा लुंगलेईच्या बाजूला रस्त्याच्या कामावर. त्यामुळे थोडं लांबण लावतो, चालवून घे.

सुरुवात बांबूपासून कर. त्या डोंगरांवर माउताक जातीचा बांबू आहे. साधारण 48 वर्षांनी तो सगळीकडे एकदम फुलतो आणि मरतो. त्याची फळं खाऊन उंदीर बेसुमार वाढतात, फळं संपली की झूमशेतीतल्या (जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीतल्या) भातावर तुटून पडतात. 1911 ला हे झालं होतं, म्हणून 1959 ला होणार हे म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठ होतं. तेव्हा मिझोराम म्हणजे आसामचा एक जिल्हा. तिथल्या स्वायत्त परिषदेने 1958 मध्येच आसाम सरकारकडे 15 लाख रुपये मागितले. सरकारने ती डोंगरी लोकांची भाबडी समजूत ठरवून मागणी बाजूला सारली. पुढच्या वर्षी उंदीर आलेच.

उपाशी गावांना धान्य पोचवायला 'मिझो नॅशनल फेमिन फ्रंट' उभी राहिली. लालडेंगा त्यातलाच, आधी लष्करात हवालदार, मग परिषदेत कारकून. 1961 मध्ये नावातलं 'फेमिन' गळालं आणि ती राजकीय संघटना झाली. मधे आसामी राजभाषेचा कायदा येऊन गेलाच होता. 1 मार्च 1966 ला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि 5 मार्चला भारतीय हवाई दलाची विमानं ऐजॉलवर आली. हो, आपलीच विमानं, आपल्याच गावावर. संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. हे मी इकडे कुणाला सांगितलं की लोक विषय बदलतात.

पण मिझो माणसं विमानांपेक्षा जास्त बोलायची ती गावं उठवल्याबद्दल. 1967 पासून लष्कराने डोंगरातली गावं रिकामी करून लोकांना मोठ्या रस्त्यालगत, कुंपणाच्या आत आणून बसवलं. बंडखोरांना धान्य मिळू नये म्हणून मागे राहिलेली घरं, कोठारं जाळली. आत हजेरी, बाहेर जायला पास. अंधारापूर्वी परत यायचं, म्हणजे लांबच्या झूमशेतावर जाणार कधी? आमच्या कामावरचा एक मुकादम तेव्हा लहान पोर होता. आईने तांदळाची टोपली पाठीला लावली आणि कोंबड्या सोडून दिल्या, एवढंच त्याला आठवायचं. ज्या रस्त्याचे आम्ही खड्डे बुजवायचो, त्याच्या कडेची भरगच्च गावं अशीच जमलेली होती.

आता तुझा प्रश्न. 1971 मध्ये बांगलादेश झाला आणि तोवर पूर्व पाकिस्तानात असलेल्या चितगावच्या डोंगरातले मिझो बंडखोरांचे तळ गेले. 1976 मध्ये एक समझोता झाला, तो फिसकटला. 1979 मध्ये बाहेरच्या लोकांना, ते म्हणतात तसं 'वाई' लोकांना, निघून जायच्या नोटिसा लागल्या. या सगळ्यात चर्च मात्र दोन्ही बाजूंना बोला, बोला म्हणत राहिलं. तिकडे चर्चचा शब्द म्हणजे गावाचा शब्द.

माझ्या मते खरी गोष्ट दोन ठिकाणी घडली. एक, मुख्यमंत्री लाल थनहवला यांनी निवडून आलेले असताना खुर्ची सोडली आणि लालडेंगांच्या हाताखाली उपमुख्यमंत्री झाले. असा दुसरा मुख्यमंत्री मला दाखव! दोन, जंगलातून बाहेर आली ती सगळी संघटना, एका नेत्यामागे. नागालँडमध्ये नागा बंडखोरांशी झालेल्या 1975 च्या शिलाँग करारावर सह्या झाल्या, पण त्यांचे मोठे नेते फिझो लंडनमध्येच होते आणि मुइवा, आयझॅक स्वू या दुसऱ्या नेत्यांनी तो झुगारला. 1980 मध्ये त्यांनी वेगळी संघटना काढली, पुढे तीही फुटली. अशा वेळी दिल्लीने सही घ्यायची तरी कुणाची?

पुस्तकी_किडा:
काका, एक भर. भारत सरकारतर्फे सही करणारे गृहसचिव राम प्रधान, आपल्या महाराष्ट्र केडरचे. 30 जून 1986 हा त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. आणि गंमत बघा, चव्हाण संरक्षणमंत्री झाले तेव्हा प्रधान त्यांचे खासगी सचिव होते.

तळ्यात_मळ्यात:
सगळं छान, पण ही शांतता कुणाची? 1997 मध्ये तिथल्या अल्पसंख्य ब्रू (रियांग) जमातीच्या हजारो कुटुंबांना मिझोराम सोडून त्रिपुरात पळावं लागलं. वीसेक वर्षं छावण्यांत काढली. 2020 च्या करारात त्यांना कायमचं वसवलं तेही त्रिपुरातच. ह्मार या तिथल्याच आणखी एका जमातीशीही नंतर वेगळे करार करावे लागले. 'यशस्वी करार' म्हणताना हे गाळू नका.

घाटरस्ता:
गाळणार नाही. मी तर म्हणेन, ब्रूंचा प्रश्न 1986 च्याच पोटातून आला. कराराने जमीन आणि रूढी-कायदे मिझोंच्या हाती दिले. तेच पुढे राज्यघटनेच्या 371 जी कलमात आहे. ज्यांनी आसामचा जाच सोसला त्यांच्याच घरात आता धाकटे समाज होते, आणि त्यांनी स्वायत्त परिषद मागितल्यावर मिझोंनी दारं लावून घेतली. माझे मिझो मित्र या विषयावर गप्प होतात, जसे आपण ऐजॉलच्या विमानांवर होतो.

वैभव_लातूरकर:
काका, खूप आभार. एक शंका: 48 वर्षांनी म्हणजे 2007 ला बांबू पुन्हा फुलला असणार. तेव्हा काही झालं नाही?

घाटरस्ता:
फुलला ना! उंदीरही आले, भातही गेलं. पण या वेळी सरकारने काही वर्षं आधीच योजना आखली होती. उंदराच्या शेपट्या आणून द्या, पैसे घ्या, इथवर. भाताऐवजी आलं-हळद लावा म्हणून गावोगाव सांगत होते. मुख्यमंत्री होते झोरामथंगा, जे बंडाच्या काळात जंगलात लालडेंगांचे सचिव होते. तरी टंचाई झाली, मदतीच्या वाटपावरून लोक चिडले. 2008 च्या निवडणुकीत झोरामथंगांचा पक्ष तीन जागांवर आला, आणि मुख्यमंत्री झाले पुन्हा लाल थनहवला.