इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडातून ऑइल टपकतंय, गिअरबॉक्स उतरवावाच लागेल का?

मळेवाला_जुन्नर
नमस्कार मंडळी. आमची डिझेल पिकअप आहे, चार सिलिंडर टर्बो, १२ वर्षं झाली. आधी रात्रभरात गाडीखाली रुपयाएवढा डाग पडायचा, पण गेल्या महिन्याभरात फारच वाढलंय. माळशेज उतरून कल्याणला माल टाकून परत आलं की डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेवरून पार खालच्या खुणेला टेकलेलं असतं. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात तिथून खाली थेंब पडतात, मागची चेसीस सगळी काळी. गॅरेजवाले म्हणतात मागचा क्रँकचा ऑइल सील गेला, गिअरबॉक्स उतरवायचा, सोबत क्लचप्लेट पण टाकून घ्या, सगळे मिळून १५ हजाराच्या आसपास. टोमॅटोचा सीझन आहे, गाडी तीन-चार दिवस उभी करणं जमणारं नाही. ऑइल-फिल्टर मी घरीच बदलतो, पाने सगळे आहेत. प्रेशरचा लाल दिवा अजून लागलेला नाही. नक्की कुठून गळतंय ते घरी कसं शोधू?

गोटी_पाना
दादा, थेंब जिथून पडतो तिथूनच गळतंय असं धरून चालू नका. ऑइल वरून ओघळत येतं आणि पंख्याच्या, गाडीच्या वाऱ्यानं मागे ढकललं जातं, त्यामुळे पुढचं-वरचं काहीही गळालं तरी शेवटी ते बेल हाउसिंगच्या (इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरचं क्लचचं आवरण) खालूनच टपकतं. सगळ्यात उंचावरचा ओला भाग शोधायचा, खालचा नाही.

त्यासाठी आधी इंजिन स्वच्छ पाहिजे. गाडी पूर्ण थंड होऊ द्या, बॅटरीचा निगेटिव्ह काढा, अल्टरनेटर, सेल्फ आणि हवेच्या पाइपाचं तोंड प्लॅस्टिकनं बांधून घ्या. मग डिझेल आणि ब्रश घेऊन हेडच्या वरपासून खाली घासत या (पेट्रोल अजिबात नको, त्याची वाफ कुठल्याही ठिणगीनं पेटते), नंतर कपड्याच्या साबणाचं पाणी आणि कोरडं फडकं. पूर्ण वाळलं की साधी टाल्कम पावडर ब्रशनं झटकून सगळीकडे बसवा. प्लॅस्टिक काढा, बॅटरी जोडा, १०-१५ मिनिटं जागेवर चालवा, मग गावात एक फेरी मारून या. पांढऱ्या पावडरवर ऑइलची वाट स्पष्ट दिसते. हेडच्या मागे आणि फायरवॉलच्या (इंजिन-केबिनमधला पत्रा) बाजूला डोकं जात नाही, तिथं मोबाइलचा टॉर्च लावून व्हिडिओ काढा, तो मोठा करून बघा.

आणि एक हात जोडून सांगतो, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. विटा, सिमेंटचे ब्लॉक पण नकोत, ते एकदम फुटतात. लोखंडी घोड्या (जॅक स्टँड) लावा, चाकांना दगड लावा, आणि घरात कोणाला तरी सांगून खाली जा.

गॅरेजची_लेक
आमचं कोल्हापुरात गॅरेज आहे, हे काम लहानपणापासून बघतेय. वरचं सगळं बरोबर, थोडी भर घालते.

मागचा सील खरंच गेला असेल तर ऑइल बेल हाउसिंगच्या आत पडतं. बऱ्याच गाड्यांना खाली एक छोटं झाकण किंवा भोक असतं, तिथून टॉर्चनं आत बघा. आत कोरडं आणि बाहेरून ओलं असेल तर सील नाही, वरूनच येतंय. आतलं ओलं असेल तर वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो आणि रंग बहुतेक तपकिरी, डिझेल इंजिनचं ऑइल कोळशासारखं काळं. गिअर ऑइल निघालं तर सील गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा. भरल्या गाडीला घाट चढताना क्लच घसरतो का, जळका वास येतो का, तेही सांगा.

गाडी जोरात गळत असेल तर या जागा आधी तपासा: टॅपेट कव्हरचा (हेडवरचं झाकण) मागचा कोपरा, ऑइल प्रेशरचा स्विच, अल्टरनेटरमागे व्हॅक्यूम पंप असेल तर त्याचा सील, टर्बोची ऑइल परत जायची नळी. स्विच दिसायला एवढासा असतो पण तिथं पूर्ण प्रेशर असतं, फुटला तर तासाभरात चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) रिकामा होतो. स्विचची वायर उपसून बघा, कनेक्टरमध्ये ऑइल दिसलं की स्विच बाद.

घाटरस्ता
एवढं करण्यापेक्षा लीक थांबवायची बाटली येते ती ओता आणि ऑइल जाड टाका. सीझन निघून जाईल.

गॅरेजची_लेक
@घाटरस्ता भाऊ, ती बाटली रबराचा सील थोडा फुगवते. कडक झालेल्या सीलला काही दिवस फरक पडतो, पण फाटलेल्या पॅकिंगला किंवा स्विचला तिचा काही उपयोग नाही. जाड ऑइल तर टर्बो गाडीत नकोच, थंडीत सकाळी टर्बोच्या बेअरिंगला पोचायला वेळ लावतं. १५ हजारांच्या बिलाच्या भीतीनं टर्बो घालवू नका.

मळेवाला_जुन्नर
रविवारी धुतली आणि पावडर मारली. क्लच घसरत नाही, खालचं भोक आतून कोरडं ठणठणीत! हेडच्या मागच्या टोकाला, टॅपेट कव्हरच्या खाली अर्धचंद्राचं रबर आहे, तिथून काळा ओघळ थेट बेल हाउसिंगवर. व्हिडिओत अगदी स्पष्ट दिसतंय. आता पॅकिंग मीच बदलणार. पण एवढं एकदम का वाढलं असेल?

गोटी_पाना
झालं की मग, गिअरबॉक्स वाचला!

एकदम वाढलं म्हणजे ब्रीदर बघा. टॅपेट कव्हरवरून हवेच्या पाइपाला जाणारी नळी काजळीनं बुजली की चेंबरमधला वायू बाहेर पडायला वाट राहत नाही आणि तो सगळ्यात कमजोर पॅकिंग शोधतो. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा आणि उलटं करून भोकावर नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर डिझेलला चालतं. उडून पडत असेल तर ब्रीदर साफ करा, तरीही उडालं तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, मग पॅकिंग पुन्हा पुन्हा जाणार.

गॅरेजची_लेक
कव्हर बसवताना घाई करू नका, गळती परत येते ती इथंच. जुनं पॅकिंग प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा, अॅल्युमिनियमच्या हेडवर स्क्रू-ड्रायव्हर ओढलात तर चरा पडतो. हेडवरच्या भोकांत फडकी कोंबून ठेवा म्हणजे तुकडे आत पडणार नाहीत, आणि शेवटी ती मोजून काढा. बैठक थिनरनं पुसून एकदम कोरडी करा, तेलकट जागेवर सिलिकॉन धरतच नाही. कव्हर पत्र्याचं असेल तर बोल्टच्या भोकाजवळ आत दबलेलं असतं, लाकडावर ठेवून हलक्या हातोडीनं सपाट करा.

अर्धचंद्राचं रबर नवीनच घ्या. सिलिकॉन फक्त त्याच्या दोन्ही कोपऱ्यांना, वाटाण्याएवढं. सगळीकडे फासलं तर जास्तीचं आत सुटतं आणि चेंबरच्या जाळीत जाऊन अडकतं, मग इंजिनला ऑइलच मिळत नाही. बोल्ट मधून कडेला, दोन फेऱ्यांत आवळा. हे बहुतेक ६ एमएमचे असतात, त्यांना ८-१० न्यूटन मीटर पुरे, म्हणजे छोट्या हँडलनं मनगटाच्या जोरावर. लांब टॉमी लावलीत तर हेडमधले आटे जातात. सिलिकॉनला २४ तास द्या, मगच चालू करा.

मळेवाला_जुन्नर
ब्रीदरची नळी काढली तर आत बोटभर डांबरासारखा गाळ! नळी साफ केल्यावर झाकण नुसतं थरथरतंय. पॅकिंग आणि रबर दोन्ही मिळून हजाराच्या आत आलं. भरल्या गाडीनं घाट उतरून-चढून आलो, पावडर परत मारली होती, हेडच्या मागे पांढरं ते पांढरंच आहे. आता त्या तेलकट चिंध्या आणि धुतलेल्या डिझेलचं काय करू? डबा भरलाय.

गोटी_पाना
विहिरीजवळ, बांधावर, गटारात कुठंच ओतू नका. काळं ऑइल आणि त्याच्या चिंध्या धोकादायक कचऱ्यात मोडतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि ज्या गॅरेजमधून जुनं ऑइल रिसायकलिंगवाले उचलतात तिथं देऊन या. चिंध्यांची पिशवी गोठ्यात किंवा कडब्याजवळ ठेवू नका, आगीचा धोका. आणि महिनाभर दर भाडं करून आल्यावर डिपस्टिक बघत राहा, गाडी सपाट जागेवर उभी करून दहा मिनिटं थांबून मगच.