इटलीत डोंगरावरच्या गावात तीन महिने: कोर्तोना की ओर्व्हिएतो?

रानवारा: पुढच्या वर्षी १ जून ते ३१ ऑगस्ट आई आणि मी इटलीत एकाच गावात राहायचं म्हणतोय. आई ७१ वर्षांची. चालते छान, पण उतारावर गुडघे कुरकुरतात. कोणी राहिलंय का?

हिशेबनीस: आधी दिवस मोजा. ३०+३१+३१ म्हणजे ९२. शेंगेन व्हिसावर, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसावर, १८० दिवसांत ९०च मिळतात, आणि उतरल्याचा नि निघाल्याचा दिवसही त्यातच धरतात.

उंबरठा: मी ओर्व्हिएतोत अडीच महिने काढलेत, तेव्हा माझं मत एकतर्फी समजा. कोर्तोना देखणंच, पण स्टेशन खाली कामुचियात, वर जायला बस, आणि गावातही चढच चढ. ओर्व्हिएतोचं स्टेशनही खालीच, पण समोरूनच फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी चढावरची रेल्वे, कड्यावर नेते आणि वरचं गाव बरंचसं सपाट आहे. फक्त सान पात्रित्सिओच्या विहिरीशी आईंना बाहेरच बसवा. २४८ पायऱ्या उतरा, तेवढ्याच चढा!

घर घेताना खिडकीतल्या देखाव्याला भुलू नका. मजला कितवा, आणि वीज किती किलोवॅटची, ते विचारा. बहुतेक घरांना ३ असते. मी ओव्हन आणि वॉशिंग मशीन एकदम लावलं, तर सगळं बंद. मीटर तीन मजले खाली, जिन्याखालच्या कपाटात. ओव्हनमधलं वांगं अर्धकच्चंच राहिलं.

आणि उकाडा. एसी नव्हता, म्हणून भर दुपारी वाऱ्यासाठी खिडक्या उघडल्या, तर समोरच्या आजी गॅलरीतून ओरडल्या, ‘किउदी! किउदी!’ म्हणजे बंद कर. नऊलाच लाकडी झडपा लावायच्या, थेट संध्याकाळी उघडायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांचं ऐकलं, घर खरंच गार राहिलं.

रानवारा: आई शाकाहारी आहे. हाल होतील का?

उंबरठा: अजिबात नाही. गुरुवारी आणि शनिवारी सकाळी पियात्सा देल पोपोलोत बाजार भरतो. चीज मात्र विचारून घ्या. पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विरजण, असतं. दुपारी बरीच दुकानं तीनेक तास बंद. १५ ऑगस्टला फेर्रागोस्तोची सार्वजनिक सुट्टी, तेव्हा आदल्या दिवशीच सामान भरा. आणि तिथला पाव अळणी असतो. मी पहिला पाव परत करायला निघाले होते!

रानवारा: परतीचं २८ ऑगस्टचं बघते, म्हणजे ८९ दिवस. आईला सगळं वाचून दाखवलं. तिचा एकच प्रश्न: मीठ तरी मिळतं ना तिकडे?