मदत हवी आहे: चांगथांगमधल्या तिबेटी गरोदर बायांचं एचबी (हिमोग्लोबिन) कसं धरायचं?

नमस्कार मंडळी,

मी नर्स, मूळची कराडची. सध्या लडाखमध्ये चांगथांगच्या पठारावर, हानलेच्या बाजूला तिबेटी निर्वासित मेंढपाळांच्या वस्त्यांवर फिरत्या दवाखान्याबरोबर आहे. उंची साधारण ४,३०० मीटर.

परवा आठव्या महिन्यातल्या एकीचं एचबी १२.४ आलं. कराडला असते तर "छान आहे हं" म्हणून पुढचीला बोलावलं असतं. पण आमच्याकडे जागतिक आरोग्य संघटनेचा २०११ चा तक्ता आहे, त्यात ४,००० मीटरला ३.५ वजा करायचे. उरले ८.९! गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. (२०२४ मध्ये आकडे बदललेत, पण वजाबाकी आहेच.)

उंचीवर एचबी वाढतं म्हणून ही वजाबाकी, हे कळतं. पण तिबेटी लोकांत ईपीएएस१ नावाच्या जनुकामुळे ते मुळात तेवढं वाढतच नाही ना? मग मी धडधाकट बाईला आजारी ठरवतेय का? आणि वजा नाही केले तर खरीच अशक्त असलेली एखादी निसटेल. लेह इथून अडीचशे किलोमीटर. त्या तक्त्यावर विसंबून बाईला शेळ्या सोडून जायला सांगायचं? ती तर हसलीच. अशा उंचीवर काम केलेलं कुणी आहे का? फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) करून घ्यावं का? डॉक्टरांना विचारलंय, पण फोन लागेल तेव्हा खरं.

दुसरं, ऑक्सिटोसिन, म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन. ते थंड ठेवावं लागतं, पण गोठू द्यायचं नाही. गावाकडे डब्यातला बर्फ वितळायची धास्ती, इथे कुपी गोठायची! मी डबा लोकरीच्या मोज्यात घालून ठेवते. त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या जवळ आहेत, तरी काही चांगली युक्ती असेल तर सांगा.

तिसरं भाषेचं. त्या १२.४ वालीची सासू सांगत होती (हिंदी येणाऱ्या पोरामार्फत), पूर्वी विटाळ नको म्हणून बाळंतपण तंबूबाहेर, मेंढ्यांच्या आडोशाला व्हायचं. जन्मल्याबरोबर बाळाच्या तोंडात लोणी. असलं बोलणं पोराच्या तोंडून करायला संकोच वाटतो. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळच्या नोर्ग्येलिंग या तिबेटी निर्वासितांच्या वसाहतीत कुणाची ओळख आहे का? तिथल्यांना मराठी येतं. चारच वाक्यं तिबेटीत रेकॉर्ड करून हवीत: रक्त फार जातंय, वार पडली नाही, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येतेय, बाळाला आधी आईचंच दूध द्या. इथली बोली वेगळी आहे, पण बायका समजून घेतील.

रेंज दोन-तीन दिवसांनी मिळते, उत्तराला उशीर झाला तर रागावू नका.