मदत हवी आहे: संक्रांतीच्या आत मफलर कसे उरकू?

सुलटउलट
सहा मफलर 14 जानेवारीच्या आत द्यायचेत. दहावीचा वर्ग आहे, पूर्वपरीक्षेचे पेपर तपासायचेत, मध्ये स्नेहसंमेलन. एक झालाय, पण कडा वळून त्याची नळी झालीय. इस्त्री फिरवू का? वेग कसा वाढवू? लवकर सांगा.

लोकरगुंडा
लोकर कुठली? सुया किती नंबरच्या? वीण कुठली?

सुलटउलट
साधीच हो. एक ओळ सुलट, एक उलट. 10 नंबरच्या सुया, 60 टाके. लोकर ॲक्रिलिक.

लोकरगुंडा
त्या विणीत कडा वळणारच, हात कितीही सफाईचा असो. इस्त्री नकोच. ॲक्रिलिक तापलं की धागा मरतो, मफलर लुळा पडतो. झालेला उसवू नका. वळतोय तसाच आत दुमडून दोन्ही कडा मागे शिवा, छान दुहेरी होईल.
बाकीचे सगळ्या ओळी सुलट विणा, सपाट राहतात.

खांबसाखळी
सुया सोडा, क्रोशे घ्या. खांब म्हणजे उंच टाका, त्याची एक ओळ केवढी उंच जाते!

लोकरगुंडा
जाते, पण लोकर जास्त खाते आणि बारीक सुईवर मफलर पुठ्ठ्यासारखा होतो.

खांबसाखळी
मग जाड सुई घ्यायची. दोष क्रोशाचा नाही.

शेंगाचटणी
सोलापूरच्या उन्हात मफलर? कडक भाकरी, शेंगाचटणी द्या की.

पहाटगारवा
संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत रात्री फिरून बघा, मग बोला. आणि मफलर धुतल्यावर टांगू नका, लांबतो. टॉवेलवर आडवा वाळवा.

गणिताच्या_बाई
वेगाचं कुणीच सांगितलं नाही. 8 नंबरवर सगळं सुलट, 36 टाके, दीड मीटर लांबी, म्हणजे 600च्या आसपास ओळी. एकवीस हजारांवर टाके! पेपर तपासून पाच मफलर होणार नाहीत. दोन धागे एकत्र धरा, 4 नंबरच्या (6 मिमी; नंबर कमी तशी सुई जाड) सुया, 26 टाके. रुंदी तेवढीच आणि टाके निम्मे. फक्त लोकर आधीच एका लॉटची घ्या, नंतर रंग जुळत नाही. मफलर कुणाला द्यायचेत?

सुलटउलट
तीन भाचरांना, बाकी मोठ्यांना.

गणिताच्या_बाई
हे आधी सांगायचं ना! मुलांना 20 टाके, मीटरभर लांबी पुरे. ते आधी उरका.

सुलटउलट
बरं. नवा गुंडा जोडताना गाठ मध्ये आली तर?

लोकरगुंडा
मध्ये आणूच नका, ओळ संपताना काठावर जोडा. धाग्याचं वीतभर शेपूट ठेवून सुईनं काठातच ओवा. दोन्ही धागे एकाच ओळीत जोडू नका, तिथं जाड होतं.