गावात डिप्रेशन कमी, हे कुणी ठरवलं?

मीनल_वर्धा
"डिप्रेशन शहरवाल्यांना, गावाकडे कुणाला वेळ आहे?" हे ऐकून कान किटले. आधार म्हणून २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाकडे बोट दाखवतात. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं ते केलं. प्रौढांत डिप्रेशन २.७ टक्के, महानगरांत जास्त. पण त्यातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हताच! उलट विदर्भातल्या ३० खेड्यांत 'विश्राम' या मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या पाहणीत १४.६ टक्के निघालं, आणि त्यातले उपचारापर्यंत पोचलेले जेमतेम ४.३ टक्के. गावात दुखणं कमी नाही, विचारणारं कुणी नाही.

अविनाश_प
हे दोन आकडे शेजारी ठेवताच येत नाहीत. निम्हान्सनं निदानासाठीची मुलाखत घेतली, विदर्भात पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाळणी होती. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, तिन्हींचा त्रास 'जवळजवळ रोज' म्हटलं की ९ गुण झाले. कामात लक्ष लागत नाही म्हटलं की १०, म्हणजे तुम्ही यादीत. सोयाबीन हातचं गेलं आणि सावकार दारात बसला तर कुणाची झोप उडणार नाही? त्या माणसाला पीकविम्याचे पैसे हवेत. त्याला रुग्ण ठरवलं की सरकार मोकळं होतं, याची मला खरी भीती वाटते.

गटप्रवर्तक_ताई
अविनाशदादा, नववा प्रश्न राहिला. मरून जावं असं वाटतं का? याला "रोजच वाटतं" म्हणणारीला विम्याचे पैसे येईस्तोवर थांब म्हणू का?
दुसरं. सासू ओसरीवर बसलेली असली की सगळ्या प्रश्नांना "नाही". ती उठून गेली की तीच बाई पदर तोंडाला लावून बोलायला लागते. एरवी आमच्याकडे येते ती डोकं जड, हातपाय गळाले म्हणून, आणि कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन जाते. टॅब घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला ती काय सांगणार? २.७ मध्ये अशा किती सुटल्या असतील!

अविनाश_प
नववा प्रश्न मान्य, ताई. तिथे थांबायचं नाही. पण बाकीच्यांचं काय?

मीनल_वर्धा
चाळणी नको असेल तर १९९६ चा दहा देशांचा अभ्यास बघा. निकष सारखे, तरी आयुष्यात कधीतरी डिप्रेशन झालेले तैवानमध्ये १.५ टक्के आणि युद्धानं पोळलेल्या बैरूतमध्ये १९. परिस्थितीनं आलेलं दुखणंही दुखणंच असतं.
आणि मोजणीच्या पद्धतीचाच घोळ म्हणत असाल तर 'लासी' घ्या. मुंबईच्या लोकसंख्या संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभर केलेली ज्येष्ठांची पाहणी. साठीपुढच्यांत प्रश्नावलीवर सुमारे ८ टक्के, डॉक्टरांनी निदान केलेले १ टक्क्याहूनही कमी. पाहणी एकच, माणसं तीच, म्हणजे बाकीच्यांचं दुखणं डॉक्टरांपर्यंत पोचलंच नाही.
'विश्राम'मध्ये गोळ्यांवरच भर नव्हता. गावातलेच कार्यकर्ते घरोघरी जाऊन बोलायचे. दीड वर्षानं मदतीपर्यंत पोचलेले २७.२ टक्के झाले, डिप्रेशन ११.३ वर आलं.

अविनाश_प
११.३ वर लगेच उडी मारू नका. तुलनेला दुसरी गावं घेतली नव्हती, त्यामुळे ही घट समुपदेशनाचीच असं मी म्हणणार नाही. ४.३ चे २७.२ झाले, ते मात्र मानतो. 'लासी'चा मुद्दाही मला खोडता येत नाही. पीकविम्याचं माझं म्हणणं कायम आहे, आणि ताई, तुमच्या कार्यकर्त्यांनी घरात शिरल्यावर कर्जाचंही विचारावं.