मदत हवी आहे: बाबांचा गुडघा, दोन पूर्ण आणि एक अर्धवट ट्रिलॉजी, आता पुढे काय लावू?

लालडबा:

नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र असतो पण आज धागा काढायची वेळ आलीय. बाबांचं उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, वाटी बदलली, त्यामुळे मी सध्या मिरजेत घरीच बसून काम करतोय. पहिले चार दिवस भेटायला येणाऱ्यांत गेले, मग बाबा दिवसभर पंख्याकडे बघत पडायला लागले आणि आईवर चिडचिड करायला लागले (चहा गार आहे, उशी उंच आहे, पेपरवाला उशिरा येतो वगैरे). म्हणून मी ठरवलं की कॉलेजात असताना मी वेड्यासारख्या बघितलेल्या जुन्या ट्रिलॉज्या त्यांना दाखवायच्या. रोज रात्री साडेआठच्या बातम्या झाल्या की सुरू.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर. म्हणून पहिली लावली 'बॅक टू द फ्युचर'. हुकमी एक्का निघाला हो. गोष्ट किती कळली माहीत नाही पण ती डिलोरियन गाडी आल्यावर माणूस उशीवरून उठूनच बसला. "दारं अशी वर उघडली तर स्टँडात शेजारी गाडी लावायची कशी?" इथपासून सुरुवात. इंजिन मागे आहे कळल्यावर खूश, अंगाला रंग नाही नुसतं स्टेनलेस स्टील आहे कळल्यावर "पोचा आला की ठोकून काढणार कसा" म्हणून नाखूश. काळात मागेपुढे जायला गाडीला ताशी ८८ मैल वेग लागतो, म्हणजे साधारण १४१ किलोमीटर, असं सांगितलं तर म्हणाले आमची गाडी घाटात चाळीसला खोकायची, तिला कुठलं पुढचं वर्ष दिसतंय. तिन्ही भाग (१९८५, १९८९, १९९०) चार रात्रींत संपले.

मग 'गॉडफादर'. इथे गाडी अडली. पहिला भाग ठीक गेला, दुसऱ्यात मात्र गोष्ट मागेपुढे उड्या मारते ना, बाबा म्हणाले "हा म्हातारा मागच्या भागात टोमॅटोच्या झाडांत पडून मेला की, परत तरणा कसा झाला?" आणि तरुण व्हिटोचा (म्हणजे त्याच म्हाताऱ्याचा) जवळपास सगळा भाग सिसिलियन भाषेत, म्हणजे वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. दोन वर्षांपूर्वी बाबांचा मोतीबिंदू झालाय, दिसतं व्यवस्थित पण वाचायचा स्पीड कमी झालाय. एक ओळ निम्मी वाचून होते तोवर दुसरी येते. ते बोलत नाहीत पण मला कळतं, कारण मग ते टीव्ही सोडून माझ्या तोंडाकडे बघत बसतात. तिसरा भाग मी एकट्यानेच बघितला, पण आईच्या हिशेबात ट्रिलॉजी पूर्ण धरलीय.

तिसरी सत्यजित रायांची 'अपू'. ही माझी हौस. 'पथेर पांचाली' लावताना धाकधूक होती, बंगाली, ब्लॅक अँड व्हाइट, वर सबटायटल. आई पण भाजी निवडत बसली होती. आणि बघा, बाबांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. बाप गावाहून येतो, आणलेल्या वस्तू एकेक काढून दाखवतो, दुर्गासाठी साडी आणलीय म्हणून बायकोच्या हातात देतो, त्याला माहीतच नाही की पोरगी गेलीय. आणि ती साडी तोंडात दाबून रडते तेव्हा रडण्याचा आवाज नाहीच, फक्त तारशहनाई नावाच्या वाद्याचा सूर. वाचायला एक अक्षर नव्हतं आणि घरात सगळ्यांना सगळं कळलं होतं. आई उठून मोरीत गेली आणि नळ सोडला. भांडी दुपारीच घासून झाली होती.

दुसऱ्या रात्री 'अपराजितो' लावला, त्यात आई जाते. झालं. आमच्या मातोश्रींनी जाहीर केलं की ह्या घरात आता अपू नको. म्हणून ती अर्धवट.

तर प्रश्न:
पहिला, पुढची अशी ट्रिलॉजी सुचवा की जिथे वाचायला कमी आणि बघायला जास्त आहे. दुसरा, टीव्ही नवीन आहे, ५५ इंची, पण त्यावर गॉडफादर पण संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसतो, सगळं गुळगुळीत, सेटवर उभं राहून शूटिंग बघितल्यासारखं. हे काय आहे? आणि संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवला की गोळीबाराला शेजारचे काका गॅलरीत येतात. तिसरा, सिरीज सुचवा. अट: रात्री जेवताना मर्डर नको (आई), सासू-सून नको (बाबा), एक भाग ४५ मिनिटांच्या आत (फिजिओ, कारण तेवढ्या वेळाने उठून वॉकरने चार फेऱ्या मारायच्या असतात).

घाटमाथा:

आधी टीव्हीचं घ्या. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने शूट होतो, तुमचा टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने तयार करून घालतोय. क्रिकेटला बरं वाटतं, सिनेमाची वाट लागते. पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन मोशन नावाचं जे काही असेल ते बंद करा. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव ठेवलंय, कुठे ट्रूमोशन, कुठे मोशनफ्लो, कुठे ऑटो मोशन प्लस. फिल्ममेकर मोड असेल तर तोच लावा, सगळं एकदम बंद होतं. २०१८ साली टॉम क्रूझने ह्यावर चक्क व्हिडिओ काढला होता की बाबांनो हे बंद करा. एक लक्षात ठेवा, बऱ्याच टीव्हीत हे सेटिंग प्रत्येक इनपुटला वेगळं असतं, म्हणजे सेटटॉप बॉक्सला बंद केलं तरी अॅपमध्ये चालूच राहतं. पिक्चर चालू असतानाच बदला.

चकलीची_भाजणी:

आवाजाचं सांगते, आमच्याकडे सेम रडगाणं होतं. ऑडिओमध्ये ५.१ निवडलेलं असतं, त्यात संवाद मधल्या स्पीकरला जातात आणि आपल्या टीव्हीला मधला स्पीकर नसतोच, मग टीव्ही ते कसंतरी दोन स्पीकरमध्ये कोंबतो. नुसतं स्टिरिओ मिळत असेल तर ते घ्या. शिवाय साउंडमध्ये क्लिअर व्हॉइस किंवा नाइट मोड असं काहीतरी असतं, ते लावलं की मोठे आवाज दबतात. आणि सबटायटलचा साइज वाढतो हो, अॅपच्या किंवा टीव्हीच्या सेटिंगमध्ये, काळ्या पट्टीवर पिवळी अक्षरं करा. माझ्या सासऱ्यांना त्याने बराच फरक पडला.

तुमच्या आईंचं मोरीत जाणं वाचून मलाच कसंतरी झालं.

उंबरठा७२:

लॉर्ड ऑफ द रिंग्ज लावा की राव. ज्यांना पूर्ण जेवण पाहिजे त्यांनी एक्स्टेंडेड बघावा, तिन्ही मिळून अकरा तासांच्या वर जातो, थिएटरमधला नऊ तासांच्या आसपास. एक्स्टेंडेडच्या डीव्हीडीला एकेक पिक्चर दोन डिस्कवर असायचा, म्हणजे इंटरव्हल आयतीच. हिंदी ऑडिओ मिळाला तर वाचायचा प्रश्नच मिटला.

नाममात्र:

गुडघ्याच्या पेशंटला मॉर्डोरपर्यंत चालत जाणारी माणसं अकरा तास दाखवणार? हलकेच घ्या.

माझं मत सरळ आहे, सर्जिओ लिओनेची डॉलर्स ट्रिलॉजी. १९६४, ६५ आणि ६६. क्लिंट ईस्टवुड बोलतोच किती? तिसरा, 'द गुड, द बॅड अँड द अग्ली', त्यात पहिली दहाएक मिनिटं कोणी शब्द बोलत नाही. नुसते चेहरे, डोळे, माश्या, धूळ आणि मोरिकोनेचं म्युझिक. ओठ आणि आवाज जुळत नाहीत म्हणून घाबरू नका, टीव्ही बिघडलेला नाही. सेटवर जो तो आपापल्या भाषेत बोलायचा आणि नंतर सगळं डब व्हायचं. म्हणजे मूळ आवाज असा काही नाहीच, हिंदीत बघितलात तरी पाप लागणार नाही.

गंमत म्हणजे तिसरा भाग गोष्टीत सगळ्यात आधी घडतो. शेवटाकडे हिरोला ती घोंगडी मिळते जी तो पहिल्या दोन्हींत घालतो. पण क्रम बदलू नका, जसे आले तसेच बघा.

घाटमाथा:

+१. आणि गॉडफादर तीनची २०२० मध्ये खुद्द दिग्दर्शक कोपोलाने परत काटछाट केलीय, 'कोडा' नावाने. सुरुवात आणि शेवट बदललाय, लांबीही जरा कमी केलीय. कधी परत बघायचा झाला तर तो बघा. जुनाच बघितला असेल तर लगेच धावायची गरज नाही, जे मुळात दुखतं ते तसंच दुखतं.

चकलीची_भाजणी:

सिरीज: पंचायत. डोळे झाकून. फुलेरा गाव, नवीन आलेला सचिव, रघुवीर यादव आणि नीना गुप्ता. पहिला सीझन २०२० चा, आठच भाग. हिंदी असल्यामुळे वाचायचं काही नाही आणि निदान पहिल्या सीझनला तरी आईंच्या जेवणात मर्डर नाही. जुनं चालत असेल तर दूरदर्शनचं मालगुडी डेज आहे. बासू चटर्जींचा ब्योमकेश बक्षी पण, फक्त त्यात खून होतात, पण इतके सभ्य की वरणभात खाली उतरतो.

उंबरठा७२:

मराठीत पाहिजे असेल तर 'मानवत मर्डर्स', २०२४, आठ भाग, मकरंद अनासपुरे असा कधी बघितला नसेल. बाबांच्या वयाच्या लोकांना परभणीचं ते प्रकरण पेपरात वाचलेलं आठवतं. पण आईंच्या अटीत अजिबात बसत नाही, नावातच घोटाळा आहे.

लालडबा:

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. दहा दिवसांनी येतोय, सविस्तर सांगतो.

मोशन बंद केलं. ते चौथ्या मेनूच्या आत लपवून ठेवलं होतं, आणि घाटमाथा म्हणाले तसंच, एकदा बंद करून अॅपमध्ये गेलो तर परत चालूच. आता पिक्चर पिक्चरसारखा दिसतो. आई म्हणाली "काय केलंस, आता जरा थेटरसारखं वाटतंय." तिला कोणी काहीच सांगितलं नव्हतं. स्टिरिओ केल्यावर शेजारचे काका पण गॅलरीत येत नाहीत, उलट परवा विचारत होते की काय बघताय.

डॉलर्स तिन्ही झाल्या. नाममात्र, तुम्हाला मिरजेत आलात की चहा माझ्याकडून. पहिल्याच रात्री शीळ वाजली आणि बाबा म्हणाले "हे तर शोलेवरून उचललंय." शोले १९७५ चा, हे त्याच्या दहा वर्षं आधीचं, सांगितलं तर थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले "मग त्यांनी आधीच उचललंय." ह्याला उत्तर नाही. तिसऱ्या भागात शेवटी कबरस्तानात तिघं गोल उभे राहतात तिथे घरात पूर्ण शांतता, बाबांना बर्फाचा शेक द्यायची पिशवी वितळून चादर ओली झाली तरी कोणाला पत्ता नाही. एकदाही माझ्या तोंडाकडे बघितलं नाही त्यांनी. मग दुसऱ्या दिवशी फिजिओच्या मुलीला पाय वाकवून दाखवताना डोळे बारीक करून, तोंडात काडी धरून, एक शब्द न बोलता. तिला वाटलं दुखतंय.

मानवत बाबांनी आई देवळात गेल्यावर दुपारी एकट्याने बघायला घेतलीय. त्यावेळी ते आयटीआयला होते, पेपर दुकानात उभं राहून वाचायचे म्हणे, हे मला आत्ता कळलं. आईला वाटतं ते कीर्तन ऐकतात. कृपया हा धागा तिच्यापर्यंत जाऊ देऊ नका.

पंचायत चालू आहे. रोज दोन भाग, मध्ये वॉकरच्या चार फेऱ्या. सचिवाच्या बाईकचा आवाज ऐकून बाबांनी तिचं काय बिघडलंय ते सांगितलं.

आता नवीन अडचण. काल जेवताना आई स्वतःहून म्हणाली "तो अपूचा तिसरा राहिलाय ना, लाव एकदा. पोराचं पुढे काय झालं ते कळायला पाहिजे." आणि मग हळूच विचारलं, "त्यात तरी कोणी मरत नाही ना?"

ज्यांनी 'अपूर संसार' बघितलाय त्यांना कळलं असेल मी का लिहितोय. काय सांगू?

नाममात्र:

अवघड आहे.

घाटमाथा:

प्रिंट चांगली शोधा एवढंच सांगतो. १९९३ ला लंडनच्या लॅबला आग लागली त्यात मूळ निगेटिव्ह भाजल्या होत्या, त्यातून इटलीत बोलोन्याला जेवढ्या वाचल्या तेवढ्या हाताने दुरुस्त करून २०१५ मध्ये नव्या प्रिंट आल्या. जुन्या अपलोडमध्ये पांढऱ्यावर पांढरी सबटायटलं आहेत, बाबांचे हाल होतील.

चकलीची_भाजणी:

खोटं बोलू नका. "मरतं, पण शेवट बघ" एवढंच सांगा. आणि शेवटी तो पोराला खांद्यावर घेतो तोपर्यंत त्यांना मोरीकडे जाऊ देऊ नका, काहीही कारण काढा. पाणी आधीच भरून ठेवा.

लालडबा:

सांगितलं. आई म्हणाली, कोण ते सांगू नकोस. शनिवारी रात्री लावतोय.